पाऊण टाकी पाणी बदलल्यावर मासे का मेले? घरच्या मत्स्यालयातील पाण्याचे रसायन आणि त्याची तपासणी

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरला सुदामा नगरातील आपल्या घरी दोन फूट लांबीची, सुमारे ६० लिटर पाण्याची काचेची टाकी दोन वर्षांपासून आहे. तीत चार एंजल, बारा टेट्रा आणि एक निळी गुरामी असे मासे होते. ‘बोरिंगचे पाणी जड असते, एंजलला आरओचेच पाणी लागते’ हे दुकानदाराचे म्हणणे मानून आपण आठ-नऊ महिने टाकीत केवळ आरओचे पाणी घालत होता. तेही महिन्यातून एकदा, पाव टाकी. गेल्या महिन्यात आरओचे यंत्र बिघडले आणि काचेवर शेवाळ धरू लागले, म्हणून एका संध्याकाळी आपण पाऊण टाकी उपसून बोरिंगचे पाणी भरले. रात्री दहापर्यंत मासे व्यवस्थित पोहत होते आणि सकाळी गुरामीखेरीज सगळे मेलेले आढळले. टाकीतले पाणी दुकानात नेले, तेव्हा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे माप) ५६० आणि पीएच (आम्लतेचे माप, आकडा जितका खाली तितके आम्ल जास्त) पट्टीवर ठीक निघाला व ‘पाण्यात काही दोष नाही’ असे सांगण्यात आले. मग मासे कशाने मेले आणि यापुढे घरच्या घरी पाणी कसे तपासावे, असे आपण विचारता.

माझी नोकरी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत झाली आणि मासे पाळण्याचा छंद त्याहूनही जुना आहे, त्यामुळे हा प्रश्न वाचताच मी आपल्याला पहिली गोष्ट विचारली ती ही, की उपसलेले जुने पाणी शिल्लक आहे का. कुंड्यांना घालण्यासाठी गच्चीवर ठेवलेल्या बादलीत ते निम्मे उरले होते, हे फार चांगले झाले. मासे मेल्यानंतर टाकीतले पाणी तपासले तर मुख्यतः नव्या पाण्याचीच परीक्षा होते. जे पाणी खरे साक्षीदार असते ते तोवर मोरीतून वाहून गेलेले असते. आपण पाठवलेल्या तीन बाटल्या, म्हणजे बादलीतले जुने पाणी, बोरिंगचे पाणी आणि नर्मदेच्या नळाचे पाणी, मी तपासल्या आणि उत्तर त्या तीन बाटल्यांतच मिळाले.

जुन्या पाण्याचा केएच, म्हणजे आम्ल झेलण्याची ताकद, मी आधी तपासला. परीक्षानळीत ५ मिलिलिटर पाणी घ्यायचे आणि किटमधले द्रावण एकेक थेंब टाकत नळी हलवत जायचे. पाणी आधी निळे होते आणि ठरावीक थेंबाला पिवळे पडते, जितके थेंब तितके अंश केएच. आपल्या बादलीतले पाणी निळे झालेच नाही, पहिल्याच थेंबाला ते पिवळे झाले. याचा अर्थ त्या पाण्यात आम्ल झेलणारे बायकार्बोनेट जवळजवळ उरलेलेच नव्हते. पीएच ६.२ निघाला. अमोनियाच्या तपासणीत रंग किटसोबतच्या तक्त्यावरील शेवटच्या गडद हिरव्या खणाच्याही पलीकडे गेला, म्हणून एक भाग पाण्यात चार भाग आरओचे पाणी मिसळून पुन्हा तपासले. तेव्हा ४ असा आकडा आला, म्हणजे मूळ पाण्यात लिटरमागे सुमारे २० मिलिग्रॅम अमोनिया होता. तक्त्याचा शेवटचा रंग ‘इतका किंवा याहून जास्त’ एवढेच सांगतो, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. शेवटचा रंग दिसला की पाणी सौम्य करून पुन्हा मोजावे, असा नियमच करून टाका.

आता एवढ्या अमोनियात मासे महिनाभर जगले कसे, हा प्रश्न आपल्या मनात येईलच, आणि सगळ्या घटनेची किल्ली त्यातच आहे. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांतून थेट रक्तात शिरतो आणि माशाला मारतो. दुसरे अमोनियम, ज्यावर विद्युतभार असल्यामुळे ते कल्ल्यांतून सहजी आत जात नाही आणि तुलनेने फारच कमी घातक असते. आपली तपासणी दोन्हींची बेरीज दाखवते. त्या बेरजेतील किती वाटा कोणत्या रूपात राहील हे पीएच आणि तापमान ठरवतात. पीएचचे माप, जे डेन्मार्कच्या सोरेनसन यांनी १९०९ मध्ये मांडले, ते दहाच्या पटीत चालते; पीएच एका अंकाने वाढला की मुक्त अमोनियाचा वाटा जवळजवळ दहापट होतो. पाणी २८ अंश सेल्सिअसला असताना पीएच ६.२ असेल तर एकूण अमोनियाच्या हजारात जेमतेम एक भाग मुक्त असतो. पीएच ८.१ झाला की शंभरात आठ.

हा हिशेब आपल्या टाकीला लावून पाहू. बदलापूर्वी २० मिलिग्रॅम अमोनियापैकी मुक्त अमोनिया होता साधारण ०.०२ मिलिग्रॅम, म्हणजे मासे दीर्घकाळ जेमतेम सोसू शकतील अशा मर्यादेच्या काठावर. पाऊण टाकी बदलल्यावर एकूण अमोनिया २० वरून ५ वर आला, म्हणजे आपण खरोखरच तीन चतुर्थांश अमोनिया बाहेर काढलात. परंतु पीएच ८.१ वर गेल्यामुळे त्या उरलेल्या ५ मिलिग्रॅमपैकी ०.४ मिलिग्रॅम मुक्त झाला. एकूण अमोनिया चौपट घटला आणि मुक्त अमोनिया वीसपट वाढला. त्याच वेळी, ज्या माशांचे शरीर महिनोन्‌महिने क्षाररहित पाण्याला सरावले होते, त्यांच्यावर एकाएकी जड पाण्याचा भार पडला. दोन्ही आघात एकत्र आले, आणि आधीच थकलेल्या टेट्रा व एंजलना ते पेलवले नाहीत. गुरामी वाचली याचेही कारण आहे: ती पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेऊ शकते, त्यामुळे कल्ले होरपळल्यावरही तिचा श्वास पूर्ण कोंडला नाही.

रात्री दहापर्यंत मासे ठीक का होते, याचेही उत्तर बोरिंगच्या बाटलीत मिळाले. आपल्या मुलाने बोरिंगजवळच काठोकाठ भरून झाकण लावलेली बाटली आणली, हे त्याने फार समजुतीने केले. ती उघडताच पीएच ७.३ होता, तेच पाणी भांड्यात घेऊन रात्रभर हवेचे बुडबुडे सोडणारा दगड त्यात ठेवला तर सकाळी पीएच ८.२ निघाला. जमिनीच्या पोटातल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड दाबून विरघळलेला असतो आणि तो पाण्याला काहीसे आम्ल राखतो. पाणी वर येऊन हवेशी मिसळले की तो हळूहळू उडून जातो आणि पीएच चढतो. आपल्या टाकीत संध्याकाळी भरलेले पाणी ७.३ च्या जवळपासचे होते, म्हणून मासे सुरुवातीला तगले. एअर पंप रात्रभर चालू राहिला, पीएच तासातासाने वर चढत गेला आणि त्याबरोबर तोच अमोनिया विषारी होत गेला. म्हणूनच बोरिंगचे पाणी ताजे तपासून ‘पीएच ठीक आहे’ असे म्हणणे चुकीचे ठरते. ते उघड्या बादलीत २४ तास ठेवून, शक्य तर हवा सोडून, मगच मोजावे. टाकीत गेल्यावर ते ज्या पीएचवर स्थिरावणार आहे, तो आकडा आपल्याला हवा असतो.

आता प्रश्न उरतो, जुन्या पाण्याचा पीएच इतका खाली गेलाच कसा आणि अमोनिया साठला कसा. त्यासाठी खाद्याचा हिशेब मांडावा लागतो. माशांच्या दाणेदार खाद्यात साधारण ४० टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनांत १६ टक्के नायट्रोजन. त्यातला निम्म्याच्या आसपास भाग अमोनियाच्या रूपाने, मुख्यतः कल्ल्यांवाटे, पाण्यात येतो. म्हणजे एक ग्रॅम खाद्यामागे सुमारे ३० मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन. ६० लिटर पाण्यात लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम. फिल्टरच्या स्पंजावर आणि खडीवर वाढणारे जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. १८९०च्या सुमारास विनोग्रादस्की यांनी हे जिवाणू वेगळे करून दाखवले. जुन्या पुस्तकांत दुसऱ्या टप्प्याच्या जिवाणूचे नाव नायट्रोबॅक्टर असे दिलेले असते, पण मत्स्यालयांत हे काम मुख्यत्वे नायट्रोस्पिरा नावाचे जिवाणू करतात असे पुढे आढळले. या क्रियेत आम्ल तयार होते, आणि ते आम्ल पाण्यातील बायकार्बोनेट झेलते. लिटरमागे एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना सुमारे ७ मिलिग्रॅम केएच खर्ची पडतो. केएचचा एक अंश म्हणजे लिटरमागे १७.९ मिलिग्रॅम. तेव्हा रोज एक ग्रॅम खाद्य घालणाऱ्या आपल्या टाकीत पाच दिवसांत केएचचा एक अंश संपतो.

केएच ही पाण्याची शिल्लक रक्कम आहे असे मी नव्या मत्स्यपालकांना नेहमी सांगतो. ती असेतोवर पीएच हलत नाही आणि म्हणून काही घडते आहे याची चाहूलही लागत नाही. ती संपली की पीएच एकदम घसरतो. आपल्या घरच्या आरओच्या पाण्याचा केएच एक-दोन अंश धरला आणि महिन्याला पाव टाकी बदलली, तर महिन्याकाठी जमा होणार जेमतेम अर्धा अंश आणि खर्च सहा अंश. सुरुवातीला जुन्या पाण्यातला साठा होता, तो हळूहळू संपला. पीएच साडेसहाच्या खाली गेल्यावर जिवाणूंचे काम मंदावते आणि सहाच्या आसपास ते जवळजवळ थांबते. तिथून पुढे अमोनिया साठू लागला: रोजचा अर्धा मिलिग्रॅम म्हणजे चाळीस दिवसांत वीस. बादलीतल्या आकड्याशी हा हिशेब जुळतो. पाणी मात्र या साऱ्या काळात काचेसारखे नितळ दिसत होते, कारण अमोनियाला रंग नसतो आणि आम्लतेलाही नसतो. जुन्या टाकीचे हे दुखणे जगभरचे मत्स्यपालक ओळखतात. जिच्यात कित्येक महिने ‘काहीच त्रास नाही’ अशा टाकीतच ते आढळते.

म्हणून बोरिंगवर खापर फोडू नये. आपले बोरिंगचे पाणी जड आहे हे खरे. माळव्याच्या काळ्या मातीखाली बेसाल्ट खडक आहे, त्यातून झिरपणारे पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट घेऊन येते. आपल्या बाटलीत केएच १७ आणि जीएच २४ निघाला. या दोन्ही शब्दांत लोक गोंधळ करतात, तेव्हा एवढे सांगतो की जीएच म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा, ज्यामुळे साबणाचा फेस येत नाही आणि बादलीवर पांढरी पुटे बसतात. आणि केएच म्हणजे आम्ल झेलण्याची ताकद. दोन्ही अनेकदा जोडीने येतात, पण त्यांची कामे वेगळी. घरात पाणी मऊ करण्याचे मिठावर चालणारे यंत्र असेल, तर जीएच शून्याजवळ आणि केएच जसाच्या तसा, असेही पाणी मिळते.

टीडीएसच्या मीटरविषयी माझे मत स्पष्ट आहे. आरओ विकणाऱ्यांनी ते प्रत्येक घरी पोहोचवले आणि त्यामुळे पाण्याची गुणवत्ता म्हणजे टीडीएस असा समज दृढ झाला. हे मीटर वस्तुतः पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि तिला एका ठरावीक अंकाने गुणून आकडा दाखवते. ५६० या आकड्यात बायकार्बोनेट किती, नायट्रेट किती, अमोनियम किती, हे त्याला सांगता येत नाही. विषारी पाणी आणि उत्तम पाणी यांचा टीडीएस अगदी सारखा असू शकतो. या मीटरचा उपयोग एवढाच, की रोजच्या आकड्यापेक्षा आज फार फरक का पडला, हे विचारायला ते भाग पाडते आणि आरओचे पाणी किती मिसळले याचा ताळा देते.

तिसरी बाटली नर्मदेची. इंदूरला १९७८ पासून मंडलेश्वरजवळच्या जलूदहून उपसलेले नर्मदेचे पाणी मिळते आणि त्याचा स्वभाव बोरिंगहून वेगळा आहे. आपल्या नळाच्या पाण्याचा केएच ८ आणि पीएच ८ च्या आसपास निघाला, म्हणजे मासे पाळायला हे पाणी मनासारखे आहे. अडचण दुसरीच आहे. आपल्याकडे नर्मदेचा नळ दिवसाआड येतो, ते पाणी हौदात पडते, कमी पडले की त्याच हौदात बोरिंग सोडले जाते आणि तेथून गच्चीवरच्या टाकीत चढते. त्यामुळे मोरीतल्या नळाला सोमवारी जे पाणी येते ते बुधवारी नसते. आपल्या शहरातील मत्स्यपालकाने म्हणूनच केवळ माशांची टाकी तपासून भागत नाही; ज्या बादलीतून पाणी टाकीत जाणार, त्या बादलीचा केएच दरवेळी मोजावा. त्याला दोन मिनिटे लागतात. बादलीत आणि टाकीत दोन-तीन अंशांपेक्षा अधिक फरक दिसला, तर त्या दिवशी थोडेच पाणी बदलावे.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे २०१२ च्या आयएस १०५०० नुसार, ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन अपेक्षित असतो. माणसांना तो साथीच्या रोगांपासून वाचवतो, पण माशांच्या कल्ल्यांना आणि फिल्टरमधील जिवाणूंना तो इजा करतो. बाटलीतून पाठवलेल्या पाण्यातला क्लोरीन वाटेतच उडून जातो, म्हणून ही तपासणी नळापाशीच करावी. पाणीपुरवठ्याचे कर्मचारी वापरतात तो क्लोरोस्कोप, म्हणजे क्लोरीन मोजण्याचे छोटे साधन, किंवा त्यातले ऑर्थोटोलिडीनचे द्रावण रसायनांच्या दुकानात मिळते. थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे. हे द्रावण आरोग्याला अपायकारक आहे, तेव्हा तपासलेले पाणी टाकीत परत ओतू नये, हाताला लागू देऊ नये आणि बाटली मुलांपासून दूर ठेवावी. क्लोरीन घालवायला माशांच्या दुकानात हायपो नावाने मिळणारे स्फटिक, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, पुरतात. एक मिलिग्रॅम क्लोरीनला सुमारे ७ मिलिग्रॅम हायपो लागतो, म्हणजे २० लिटरच्या बादलीला दोन-तीन बारीक खडे. पावसाळ्यात पाणी गढूळ येते तेव्हा शुद्धीकरणात तुरटी आणि क्लोरीन दोन्ही वाढवावे लागतात, आणि तुरटी पाण्यातला केएच थोडा खाते. त्या दिवसांत नर्मदेच्या पाण्याचे जुने आकडे गृहीत धरू नयेत.

आता प्रत्यक्ष तपासणीविषयी. आपण पट्ट्या घेण्याऐवजी थेंबांची किट घ्या. पट्टीची डबी पावसाळ्यात दोनदा उघडली की तिच्यात ओल शिरते आणि रंग खोटे येऊ लागतात. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच आणि केएच एवढ्या पाच तपासण्या पुरेत. अमोनियाच्या किट दोन प्रकारच्या मिळतात: एकीत पाणी पिवळ्यावरून हिरवे होते, ती सॅलिसिलेटची, दुसरीत पिवळ्यावरून तपकिरी होते, ती नेसलरची आणि तिच्यात पारा असतो. शक्यतो पहिली घ्यावी. बाटलीवरील मुदत पाहूनच खरेदी करा.

परीक्षानळी आधी ज्या पाण्याची तपासणी करायची त्याच पाण्याने तीनदा विसळावी. साबणाने धुऊ नये. पाण्याची वरची कड वक्र दिसते, तिचा तळ खुणेच्या रेषेला टेकला पाहिजे आणि ते पाहताना नळी डोळ्यांच्या पातळीवर धरली पाहिजे. थेंब पाडताना बाटली अगदी उभी धरावी. तिरकी धरली तर थेंब लहान-मोठे पडतात आणि सारा हिशेब चुकतो. नळीच्या तोंडावर अंगठा ठेवून हलवण्याची सवय असेल तर ती सोडावी, बोटाचा घाम आणि मिठाचा अंश पाण्यात उतरतो. रंग पाहायचा तो दिवसाच्या उजेडात, खिडकीला पाठ करून, नळी पांढऱ्या कागदावर टेकवून. घरातल्या पिवळट दिव्याखाली नायट्रेटचा केशरी आणि तांबडा वेगळा ओळखूच येत नाही.

नायट्रेटच्या तपासणीत सर्वांत जास्त चुका होतात. तिच्या एका बाटलीत धातूची बारीक पूड असते आणि ती तळाशी घट्ट बसते. ही पूड नायट्रेटचे नायट्राइट करते आणि मग रंग येतो. पूड नळीत उतरलीच नाही तर कितीही नायट्रेट असला तरी पाणी पिवळेच राहते. माझ्याकडे तपासायला आलेल्या कित्येक ‘शून्य नायट्रेट’ टाक्या याच कारणाने शून्य होत्या. ती बाटली टेबलावर चार वेळा आपटून मग पूर्ण अर्धा मिनिट जोरात हलवावी, आणि थेंब टाकल्यावर नळीही मिनिटभर हलवावी. आणखी एक खाच अशी, की काही अहवाल नायट्रेटचा आकडा नायट्रोजनच्या रूपात देतात. तिथला १० म्हणजे आपल्या तक्त्यावरचा ४४. आपल्या बोरिंगमध्ये मला ४० नायट्रेट आढळला, जो पिण्याच्या पाण्याच्या ४५ च्या मर्यादेला टेकलेला आहे. शहरातल्या विहिरींत आणि बोरिंगमध्ये गटारांची झिरप उतरते, त्याचे हे लक्षण असू शकते. घरात कोणी हे पाणी पीत असेल तर ते प्रयोगशाळेतून नीट तपासून घ्यावे, हे माशांपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

किट खरी आहे की नाही याची परीक्षा घरी करता येते, आणि वर्षातून एकदा ती करावीच. एक ग्रॅम खाण्याचा सोडा एक लिटर आरओच्या पाण्यात विरघळवला की केएच ३३ च्या किंचित वर होतो. त्यातले १०० मिलिलिटर घेऊन आरओच्या पाण्याने एक लिटर करावे. या पाण्याला चौथ्या थेंबाला रंग बदलला पाहिजे. सातवा-आठवा थेंब लागला तर द्रावण बिघडले आहे. एक ग्रॅम अचूक मोजायला सराफाच्या काट्यासारखा छोटा विजेरी काटा हवा, तो नसेल तर औषधाच्या दुकानातून मोजून घ्यावा. आरओच्या पाण्याचा स्वतःचाही थोडा केएच असतो, तो आधी मोजून वजा करावा.

आपल्याला आता काय करायचे ते सांगतो. टाकीत सध्या बोरिंगचेच पाणी आहे, त्यामुळे तेच पाणी आणखी बदलल्याने पीएचची उडी पडणार नाही. उलट उरलेला अमोनिया निघून जाईल. रात्रभर हवा सोडून ठेवलेले बोरिंगचे पाणी, टाकीच्या तापमानाला आणून, चार दिवस रोज निम्मे बदला. गच्चीवरच्या टाकीचे दुपारचे पाणी मुळीच वापरू नका. मे महिन्यात ते हाताला सोसवत नाही, आणि गरम पाण्यात प्राणवायूही कमी मावतो. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.६, इंदूर सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने आपल्याकडे याहूनही थोडा कमी. गुरामीला या चार दिवसांत खाणे देऊ नका, त्याने तिचे नुकसान होत नाही. स्पंज टाकीच्याच पाण्यात हलका पिळा, नळाखाली धरू नका. पुढचे पाच-सहा आठवडे अमोनिया आणि नायट्राइट एक दिवसाआड मोजा, कारण जिवाणूंची वस्ती नव्याने बसणार आहे. मध्यंतरी नायट्राइट वाढेल. त्याने माशाचे रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते आणि कल्ले तपकिरी दिसू लागतात. तसे झाले तर पाणी बदलून लिटरमागे अर्धा ते एक ग्रॅम मीठ विरघळवून घाला, मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही.

दोन्ही आकडे सलग दोन आठवडे शून्य राहिल्यावरच पुन्हा एंजल आणा. दुकानात मिळणारे एंजल ॲमेझॉनच्या नदीतून पकडलेले नसतात. हौदात वाढलेली ही पिढी नर्मदेच्या पाण्यात आनंदाने राहते. नर्मदेचे पाणी मिळेल तेव्हा तेच, आणि न मिळेल तेव्हा एक भाग बोरिंगला तीन भाग आरओ, असे प्रमाण धरा. आपल्या आकड्यांप्रमाणे त्याचा केएच पाचच्या आसपास येईल. टाकीचा केएच तीनच्या खाली कधीही जाऊ देऊ नका. एखाद्या वेळी गेलाच, तर आधी अमोनिया मोजा. अमोनिया शून्य असेल तर ६० लिटरला दोन ग्रॅमहून किंचित कमी सोडा विरघळवून घातला की केएच एक अंशाने वाढतो, आणि दिवसाला एका अंशाहून अधिक वाढवू नये. अमोनिया सापडला तर सोडा घालू नका, कारण आपल्या टाकीत बोरिंगच्या पाण्याने जे केले तेच सोडाही करील. अशा वेळी जुन्याच पीएचच्या पाण्याने रोज दहा टक्के बदल करून आणि फिल्टरमध्ये अमोनियम शोषून घेणारे झिओलाइटचे खडे ठेवून अमोनिया आधी खाली आणावा लागतो.

आरओचे पाणी एका कामासाठी मात्र योग्यच आहे. उन्हाळ्यात माळव्याच्या कोरड्या हवेत टाकीतले पाणी झपाट्याने उडते आणि उडताना ते क्षार मागे ठेवून जाते. जेवढे उडाले तेवढे आरओने भरून काढावे. जेवढे उपसले तेवढे मात्र केएच असलेल्या पाण्याने भरावे. आणि महिन्याला पाव टाकीचा बदल पुरेसा नाही. रोज एक ग्रॅम खाद्यामागे आठवड्याला लिटरमागे १५ मिलिग्रॅम नायट्रेट जमा होतो. दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदलले तर बदलाच्या आधी नायट्रेट ५० च्या आसपास आणि बदलानंतर ३५ वर स्थिरावतो, तोही भरायचे पाणी नायट्रेटरहित असेल तर. एंजलसाठी एवढी मर्यादा मी शेवटची समजतो. खाद्य निम्मे केले तर हा आकडाही निम्मा होतो, आणि आपण देत होता ते खाद्य एवढ्या माशांना जास्तच होते.

बादलीत उरलेले जुने पाणी टाकून देऊ नका. माशांना जे जड गेले ते अमोनियम झाडांना खत म्हणून चालते. तेवढेच साधे पाणी मिसळून ते कुंड्यांना घाला.